गुरुजींचा एक जून

आधीच सांगून टाकते, मला राग लवकर येतो. घरी तेच म्हणतात, कॉलेजातही तेच म्हणतात. पण गेल्या नोव्हेंबरात गोपीनाथ गुरुजींनी मला जो काही ताप दिला, तो एखाद्या थंड डोक्याच्या माणसाला दिला असता तर त्यानेही भिंतीवर कपाळ आपटलं असतं.

मी मुक्ता सावे. राहते डहाणूला, तलासरीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. आमच्या बारावीतल्या सहा मुलांनी आपल्या पाड्याच्या ओहोळावर रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत वाळू भरून बंधारा घातला, पाणी एप्रिलपर्यंत टिकवलं आणि रोज किती उतरलं ते लिहून ठेवलं. मी ते सगळं एका स्पर्धेला पाठवलं आणि विसरून गेले. तर काय, बेल्जियममधल्या ब्रुज नावाच्या शहरातून बोलावणं आलं! कित्येक शतकांपासून कालव्यांवर जगणारं जुनं शहर. दहा देशांतली मुलं तिथे जमणार, शनिवार-रविवार पाण्याबद्दल बोलणार, शहर बघणार. शुक्रवारी संध्याकाळी पोचायचं, रविवारी संध्याकाळी निघायचं. खर्च सगळा त्यांचा, धावपळ तेवढी माझी. या दोन दिवसांच्या सहलीपायी मी तीन महिने नुसती धावत होते. पासपोर्ट, संमतिपत्रं, सही जुळत नाही, फोटोत कान दिसत नाहीत, एक ना दोन. पाड्यावर नेटवर्क नाही, म्हणून मुलं फोन घ्यायला टेकडीवर चढायची, आणि ती खाली उतरली की मला आठवायचं की अजून एक गोष्ट विचारायची राहिली.

एवढं सगळं करून व्हिसाचे अर्ज गेले, आणि एका सोमवारी वकिलातीचं उत्तर आलं. सहा अर्जदार, सहाही एकाच पाड्याचे, सहाही जणांची जन्मतारीख एक जून. खुलासा करावा. ज्या व्यक्तीने ही नोंद केली तिचं लेखी निवेदन जोडावं. मुदत सात दिवस.

मी कपाळावर हात मारला. ते सहा अर्ज मी माझ्या हाताने भरले होते! सहा वेळा एक जून लिहिलं, आणि मला एकदाही काही खटकलं नाही. खटकणार कसं? आमच्या हजेरीपटात अर्धी पोरं एक जूनची. बाळंतपण घरी झालेलं, तारीख कुणी लिहून ठेवलेली नाही, मग शाळेत नाव घालताना मास्तर पोराकडे बघणार, सहा वर्षांचं दिसतंय म्हणणार आणि एक जून ठोकून देणार. आमच्याकडे एक जूनला मोबाईलवर अख्ख्या पाड्याला एकदमच वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. आम्हाला त्यात नवल वाटत नाही. पण परक्या देशातल्या माणसाला ही टोळी दिसली असणार, त्याचा काय दोष?

कागदपत्रांचं बघणारा अनिकेत म्हणाला, "मॅडम, निवेदन नाही मिळालं तर आयांची प्रतिज्ञापत्रं करू. आई सांगते म्हटलं की बहुतेक चालतं."

पाच जणांच्या आया होत्या. योगिताची नव्हती. योगिता तिसरीत असताना ती वारली. बाप तेव्हाही कुठे कुठे कामावर, आताही तारापूरच्या कारखान्यात रोजंदारीवर. तिच्या जन्माच्या वेळी जी आजी होती, ती आता स्वतःच्या लेकालाही ओळखत नाही. आणि बंधाऱ्याच्या रोजच्या नोंदी ठेवल्या होत्या त्या योगिताने. तिकडे उभं राहून बोलणार होती ती योगिताच. तिला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "मॅडम, माझ्या एकटीच्या तारखेसाठी बाकीच्यांचं अडेल का?" मला असा राग आला! कुणाचा, ते सांगता येत नाही, पण आला.

तर, सहाही जणांची नावं पहिलीत घालणारा माणूस एकच. गोपीनाथ गुरुजी. त्याच पाड्यावर राहणारे, तिथल्याच शाळेत तीस वर्षं मास्तरकी करून निवृत्त झालेले.

मंगळवारी रजा टाकून निघाले. डहाणूहून कासा, कासाहून जीप. जीप भरेपर्यंत निघणार नाही, आणि भरली तरी अजून दोघं बसतील म्हणून थांबणार. पाड्यावर पोचले तर गुरुजींच्या बायको, गंगीबाई, अंगणात भात वाळवत बसलेल्या.

"गुरुजी नाहीत. कासाला गेलेत."

"कासाला? मी तिथूनच आले आत्ता! कशाला गेलेत?"

"जिवंत आहे म्हणून लिहून द्यायला. पेन्शनवाले दर वर्षाला विचारतात."

मी तिथेच ओट्यावर बसले. त्यांनी पाणी दिलं, चार चिकू दिले. गुरुजी शेवटच्या जीपने येतील म्हणाल्या, म्हणजे माझी जायची शेवटची जीप निघून गेल्यावर. मी निरोप ठेवला, चिकू पिशवीत टाकले आणि परत फिरले. अख्खा दिवस गेला.

गुरुवारी पुन्हा. या खेपेला गुरुजी होते. बारीक अंगाचा माणूस, पांढरा सदरा, खिशात शाईचं पेन. मी वकिलातीच्या पत्राचं मराठी करून नेलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, पत्र वाचलं, परत वाचलं, खिशातलं पेन काढून माझं एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. मी दात आवळून बसले.

"यात सहा लिहिलंय," गुरुजी म्हणाले.

"हो. सहा मुलं आहेत."

"एक जून मी एकशे चौऱ्याऐंशी पोरांना दिलाय. मग हे सहाच का विचारतात?"

"कारण तिकडे सहाच चाललेत, गुरुजी!"

"असं होय," ते म्हणाले आणि आत चहा सांगितला.

मी तयार निवेदन पुढे केलं. त्यात लिहिलं होतं की सदर जन्मतारखा काल्पनिक असून मी स्वतः नोंदवल्या आहेत. खाली सहीची जागा. गुरुजींनी वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिलं.

"यावर मी सही करणार नाही."

"का?"

"मी काल्पनिक काही लिहिलेलं नाही."

"अहो गुरुजी, एकशे चौऱ्याऐंशी पोरं एकाच तारखेला जन्मली काय?"

"असं कोण म्हणतो? पण हा कागद एकदा बाहेर गेला ना मॅडम, की उद्या कुणीही उठून म्हणेल, या पाड्याचे दाखलेच खोटे. त्या पोरांत दोन नर्स आहेत, एक पोलीस आहे, एक तलाठी झालाय. जातीच्या दाखल्याला धाप लागेपर्यंत फिरलेत सगळे. त्यांच्या सगळ्यांच्या कागदाखाली माझी सही आहे. मी एका सहीने ती सगळी खाली ओढू?"

खरं सांगायचं तर मुद्दा बरोबर होता, आणि बरोबर होता म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. सोमवार तोंडावर आलेला, आणि हा माणूस चहात साखर ढवळतोय. मी म्हणाले, "मग काय करू मी? योगिताला सांगू, तू घरी बस? बाकीच्यांना आया आहेत. तिला कोण आहे? तिच्या बाजूने बोलणारं एकही माणूस नाही, आणि तुम्हाला तुमच्या सहीची पडलीय!"

आवाज चढला होता माझा. गंगीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. गुरुजी उठले आणि आत गेले. संपलं सगळं, म्हटलं. म्हातारा दुखावला. मी पर्स उचलली.

ते बाहेर आले ते हातात एक गठडं घेऊन. वर खताच्या गोणीचं प्लास्टिक, आत जुनं धोतर, त्याच्या आत तीन जाड वह्या. त्यांनी मधली उघडली, पानं उलटली आणि माझ्यासमोर धरली. प्रत्येक पानावर एका मुलाचं नाव, खाली आईचं नाव, आणि मग सुवाच्य अक्षरात पाच-सात ओळी. आई सांगते की. प्रत्येक पानावर, आई सांगते की.

मी चार पानं वाचली. कुणी आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दुसऱ्या दिवशी जन्मलं होतं, कुणी गावदेवाच्या पूजेच्या आदल्या रात्री, कुणी कालव्याला पहिल्यांदा पाणी सुटलं त्या आठवड्यात. खाली कोपऱ्यात गुरुजींनी पंचांग बघून काढलेली इंग्रजी तारीख, पेन्सिलीने.

"हे तुमच्याकडे होतं?" मी वहीवर बोट ठेवलं. "मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही सही मागितलीत. वही कुठे मागितलीत?"

देवा रे! मी डोळे मिटून दहा आकडे मोजले.

"आणि मग हीच तारीख का नाही लावली रजिस्टरला?"

"तारखेला पुरावा मागायचे. पुरावा नसेल तर अंदाज धरा म्हणायचे, आणि अंदाज म्हणजे एक जून. आईचं तोंड हा पुरावा धरत नव्हते. मी दोनदा लावून पाहिली, दोन्हीदा रजिस्टर परत आलं. मग तिकडे एक जून लिहायचो आणि इकडे वही."

"पण कशासाठी? कुणी सांगितलं होतं का तुम्हाला?"

गुरुजींनी वही मिटली. "माझं नाव घालायला माझी आई मला घेऊन गेली होती. आवणीचे दिवस, हातापायाला चिखल, म्हणून ती दाराबाहेर उभी राहिली. तेव्हाच्या मास्तरांनी मान वर केली नाही. माझ्याकडे बघून एक जून लिहून टाकलं. तिला ठाऊक होतं मी कधी झालो ते. ती सांगायला तयार होती, घरून पाठ करून आली होती. कुणी विचारलंच नाही. नंतर मला विचारायचं सुचलं, तोवर ती गेली. मी रिटायरसुद्धा त्या एक जूनच्या हिशोबाने झालो, एकतीस मेला. म्हणून माझ्या शाळेत ठरवलं, बाई दारात आली की पहिलं तिला आत बसवायचं आणि विचारायचं."

मी पर्स खाली ठेवली. मग म्हटलं, वही द्या, डहाणूला स्कॅन करून उद्या परत आणते.

"वही घराबाहेर जात नाही. पोरांना घेऊन या रविवारी. त्यांचं पान आधी त्यांनी वाचायचं, मग साहेबाने."

म्हणजे तिसरी खेप! मी गंगीबाईंकडे बघितलं. त्या हसल्या आणि मला पुन्हा चार चिकू दिले.

रविवारी सहाही जण आले, भाताच्या झोडणीवरून तसेच उठून, केसांत भाताचा भुसा. गुरुजींनी सगळ्यांना ओळीत बसवलं आणि एकेकाला उभं करून मोठ्याने वाचायला लावलं, पहिलीतल्यासारखं. बारावीची मिसरूड फुटलेली पोरं गुमान उभी राहून वाचत होती. तुषार आणि लहान्या सख्खे भाऊ. लहान्या थोरला, पण अशक्त म्हणून वर्षभर उशिरा शाळेत घातलेला, त्यामुळे कागदावर दोघं जुळे. पाड्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त सरकारला ठाऊक नव्हतं. लहान्याने ते पान वाचलं आणि तुषारच्या टाळक्यात एक टपली मारली. "दादा म्हणायचं आता, लेखी आहे." बाकीचे खिदळले. मी घड्याळाकडे बघत होते.

मग योगिता उभी राहिली. तिचा आवाज खणखणीत, म्हणून तर तिला बोलायला निवडलेलं.

"योगिता. आई जमना सांगते की, मुलगी महालक्ष्मीच्या जत्रेच्या चौथ्या दिवशी झाली. मी विवळवेढ्याला जत्रेत बांगड्या भरून घरी येत होते. वाटेत पोट दुखायला लागलं. सासू बरोबर होती. हायवेच्या कडेला चिंचेखाली झाली. मुलगी रडेना. सासू म्हणाली, गेली. तेवढ्यात ट्रकने भोंगा वाजवला, त्याला दचकून रडली. बांगडी एकही फुटली नाही. आईने विचारले..."

इथे ती थांबली. आम्ही वाट बघितली. ती पुढे मोठ्याने वाचेना, नुसते ओठ हलत होते. मी उठून तिच्या खांद्यावरून बघितलं. शेवटच्या दोन ओळी होत्या. आईने विचारले, हिला तारीख नाही म्हणून हिला परत पाठवणार का. सांगितले, नाही, घेतली.

कोपऱ्यात पेन्सिलीने तेवीस एप्रिल दोन हजार आठ.

योगिताने पान पुसलं, त्यावर काहीही पडलेलं नसताना. मग विचारलं, "गुरुजी, बांगड्या कुठल्या रंगाच्या होत्या?"

गुरुजींचा चेहरा पडला. "ते मी विचारलं नाही गं. विचारायला पाहिजे होतं." आणि ते स्वतःवरच इतके चिडले की उठून अंगणात गेले. मला वाटायचं, चिडता फक्त मलाच येतं.

निवेदन त्यांनी स्वतः लिहिलं, तीन ओळींचं. खरी तारीख आईने सांगितली ती सोबत आहे. रजिस्टरची तारीख शाळेने नियमाप्रमाणे अंदाजे धरली आहे. यात मुलाचा अगर आईचा काही दोष नाही. खाली सही, तारीख, ठिकाण. सोबत वहीच्या सहा पानांचे फोटो आणि मी रात्रभर बसून केलेलं भाषांतर. सोमवारी सकाळी पाठवलं, आणि पुढचे अकरा दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. बाराव्या दिवशी सहाही व्हिसा आले.

ब्रुजबद्दल लोक मला विचारतात. काय सांगू? मी एवढी मरमर करून नेलं आणि पोरांनी शहराकडे नीट बघितलं असेल तर शपथ. सगळे त्या दगडी कमानींचे, घंटेच्या बुरुजाचे फोटो काढताहेत, आणि आमचा तुषार कालव्यात वाळलेली काडी टाकून पाणी वाहतंय की साचलंय ते बघतोय. बुरुजाच्या पायऱ्या लहान्याने मोजल्या, माहितीच्या कागदाशी एकाने जुळल्या नाहीत, म्हणून परत मोजायला निघाला होता! थंडी अशी की नाक आहे की गेलं कळत नाही, आणि आमच्यातला चिमण पायात चपला घालून आलेला. बूट नवे आहेत म्हणून बॅगेत जपून ठेवले होते.

शनिवारी सकाळी एका जुन्या दालनात सगळी मुलं जमली, पन्नासेक असतील. तिथली उंच बाई म्हणाली, ओळख व्हायला एक खेळ खेळू. भिंतीलगत एका टोकाला जानेवारी, दुसऱ्या टोकाला डिसेंबर. कुणी बोलायचं नाही. आपापल्या वाढदिवसाप्रमाणे रांगेत उभं राहायचं.

आता आमचे सहा एका जागी ढीग करून उभे राहणार, सगळे हसणार, आणि मला पुन्हा ती सगळी रामकहाणी सांगावी लागणार. मी त्या बाईला थांबवायला पुढे झालेसुद्धा. आमची पोरं एकमेकांकडे बघत होती. मग लहान्या निघाला आणि सप्टेंबरात जाऊन उभा राहिला. तुषार ऑगस्टच्या सुरुवातीला. चिमण जुलैत. एकेक जण पांगला. योगिता सगळ्यांत शेवटी निघाली, रांगेच्या कडेने चालत गेली आणि दोन परक्या मुलींच्या मधे हाताने जागा करून उभी राहिली.

बाई एकेकाला तारीख विचारत आली. योगिता इंग्रजीत म्हणाली, "तेवीस एप्रिल." आणि कुणी विचारलं नव्हतं तरी पुढे म्हणाली, "माझ्या आईने सांगितली आहे." बाईने हातातल्या यादीकडे बघितलं, तिथे अर्थातच एक जून होतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दोन्ही बरोबर आहे.

परत आल्यावर आठवड्याने गुरुजींकडे गेले. चौथी खेप. चॉकलेटचा डबा नेला होता. तो त्यांनी न उघडता गंगीबाईंकडे दिला. कालवे कसे आहेत, बुरूज केवढा, काही विचारलं नाही. मी रांगेचं सांगितलं तेव्हा मात्र चष्मा काढून ऐकत राहिले. कोण कुठे उभं राहिलं ते सहाही जणांचं नावानिशी विचारून घेतलं.

मग म्हणाले, "आणि एक जूनला?"

"एक जूनला कोण असणार गुरुजी? कुणीच नव्हतं. मे संपला तिथे एक मुलगी होती, पुढे जूनचा मधला एक मुलगा. मधे मोकळीच होती जागा."

"मोकळी होती?"

"हो."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"ती माझी," गुरुजी म्हणाले. "बसा, चहा घेऊन जा."

जीप निघायची वेळ झाली होती. मी बसले.